झाडाची छाती कोणाच्या मापानं?

मंडळी, आज जंगलात माही अशी फजिती झाली का हसून हसून पोट दुखलं.

दिग्रसजवळच्या आमच्या तांड्याचं जंगल आमची समिती राखते. खूण केलेल्या झाडायचा घेर आम्ही दरसाल मोजतो. झाड जेवढं जाड, तेवढा हवेतला कार्बन त्याच्या लाकडात जमा. तोडून जाळलं का तो परत हवेत.

आज पहिल्या सागाले टेप लावला, तं तो मागच्या सालापेक्षा बारीक! दुसरा बारीक. तिसराबी बारीक. राखलेलं जंगल वाळून कसं राह्यलं?

मागच्या साली केसाबाईनं मोजलं होतं. समितीतली सगळ्यात जुनी बाई, तिले आम्ही याडी म्हणतो, म्हणजे आई. तिले विचारलं, "याडी, टेप कुठं लावलता?"

"कागदावर लिवलं होतं ना, छातीच्या उंचीवर. मंग माह्या छातीपाशी लावला!"

मी सहा फुटाचा. याडी माह्या खांद्यालेबी लागत नाही. अन् झाड तं बुडाकडं जाड, वर बारीक!

याडीनं टेप हिसकला अन् स्वतः मोजलं. एकूणएक झाड वाढलेलं!

"तुह्या उंचीपायी माहं जंगल बारीक करून राह्यलता का रे?"

आता याडीच्या छातीएवढी काठी कापून ठेवली. पुढं तेच माप.

झाडायची छाती वाढली, आमची फुगली. तुमच्या गावातल्या जुन्या झाडाले कवेत घेऊन पाहा. हात पुरले नाही, तं मले सांगजा.