उतार नसलेलं स्थळ

आमच्या घराने सगळी नाती उतार बघून सांभाळली.

त्याचं असं झालं, की माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, कल्याणच्या एका डॉक्टरांकडून जुनी मोटार घेतली होती. रंग बदामी, दारं जड आणि वय माझ्यापेक्षा जास्त. तिचा इग्निशन स्विच, म्हणजे किल्ली घालून फिरवायची तो भाग, कामातून गेलेला. किल्ली फिरवली की दिवा लागायचा, पण इंजिन काही बोलायचं नाही. मग गाडी उतारावर लावायची आणि निघताना ढकलायची. मुरबाडला आमचं घर टेकाडावर, त्यामुळे घरचा प्रश्न नव्हता. पण पाहुण्यांकडे जायचं म्हटलं की अण्णा आधी विचारायचे, "त्यांच्या दारात उतार हाय का?" सपाट अंगणवाल्या आत्याकडे आम्ही कित्येक वर्षं गेलो नाही. (आत्याला अजून वाटतं, आईनेच अण्णांचे कान भरले.)

अशात माझ्या बहिणीला, मंदाला, शहापूरचं स्थळ आलं. मुलगा विलास, कसाऱ्याला रेल्वेत कामाला. मंदा दिवसभर हातातल्या बांगड्या फिरवत बसली. म्हणजे पसंत! अण्णांना तेवढी अडचण दिसली.

"घर भाताच्या शेतात हाय," ते म्हणाले. "अंगण सपाट. लेकीला भेटून निघायचं कसं?"

"एसटीने या!" आई भडकली. "नायतर जीपने!"

"आन् ही गेल्यावर इथं गाडी कोण ढकलणार?"

ते मात्र खरं होतं. मी नुसता जोर लावल्यासारखा दिसायचो, गाडी हलायची ती मंदामुळेच. मला वाटलं, एवढं चांगलं स्थळ एका स्विचपायी हातचं जातंय!

मी तेव्हा रेडिओ दुरुस्त करायचो. (म्हणजे उघडायचो.) कल्याणहून नवा स्विच आणला आणि शहापूरला बैठकीला जायचं त्या रविवारी सकाळी स्वतःच बसवला. शेवटी एक वायर उरली, ती जिथे मावली तिथे लावली. किल्ली फिरवली, तर गाडी चक्क सुरू झाली! आईने गाडीला ओवाळलं, मला नाही.

गाडी चालू होती तशीच आम्ही शहापूरला निघालो. रीतीप्रमाणे मुलीने यायचं नव्हतं. पण माझ्या कारागिरीवर अण्णांचा विश्वास दांडगा. म्हणाले, "मंदे, तू बी चल गो. वेळ पडली तर ढकलायला."

विलासच्या अंगणात अण्णांनी किल्ली फिरवून खिशात टाकली. गाडी चालूच!

"दिन्या, ही थांबत का नाय?"

"नवीन आहे, अण्णा. रुळायला वेळ लागतो."

अण्णा गाडीतून उतरायला तयार होईनात. बंद पडली तर इथे उतार कुठे? मग विलासची आई खिडकीपाशी चहा घेऊन आली. मागोमाग पोहे आले. विलासचे वडील बॉनेटजवळ उभे राहून ओरडले, "आमाला मुलगी पसंत हाय!"

"मुलगी मागं बसलीय!" अण्णाही ओरडले. "ढकलायला आणलीय!"

घराण्याची अब्रू वाचवायला मी बॉनेट उघडलं आणि हाताला लागली ती वायर उपटली. गाडी थांबली. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा माना वर करून बघू लागल्या. वायर परत लावून मी किल्ली फिरवली. स्विचमधून धुराची बारीक रेघ निघाली, बाकी काही नाही.

"आता बस इथंच, घरजावई होऊन!" अण्णा मला म्हणाले.

मंदा उतरली आणि नव्या साडीचा पदर खोचून गाडीमागे उभी राहिली. विलास तिच्या शेजारी आला. मग त्याचे वडील आले. मग त्याची आईसुद्धा, पोह्यांची बशी ओट्यावर ठेवून. "भाऊ, तुमी नुसता गिअर टाका!" म्हणाली. सपाट अंगणात गाडी सरकू लागली. मी धावत मागे गेलो, पण हात लावायला जागाच उरली नव्हती.

इंजिन धडधडलं. अण्णा शेताच्या कडेने एक फेरी मारून परत आले आणि खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाले, "उतार नाय तुमच्याकडं. पण माणसं हायत. पोर दिली!"

आई रडायला लागली, मलाही राहवेना. आईला जे पहिल्यापासून ठाऊक होतं ते मला तेव्हा कुठे कळलं. मंदाचा हात सोडायला अण्णा घाबरत होते, बिचाऱ्या उताराचं नाव उगाच पुढे करत होते.

लग्नानंतर विलासरावांनी नवा स्विच आणून नीट बसवून दिला. तरी शहापूरहून निघताना अण्णा किल्लीला हात लावायचे नाहीत. "मंदे, ये गो!" म्हणायचे, आणि ती हसत मागे जाऊन उभी राहायची.

मंदाचं लग्न मी जमवलं, असं आज आमचे सगळे नातेवाईक सांगतात. पण घरातला बल्ब गेला, तर आई अजून मला स्टुलावर चढू देत नाही. जावई येईपर्यंत अंधारात बसते!