दोन कंपन्या, एक घर

लग्न होऊन मी वडशाला आले, तेव्हा आमच्या घरात दोन लॅपटॉप आणि दोन कंपन्या एकत्र नांदायला लागल्या. नवऱ्याची कंपनी पुण्याची, माझी हैदराबादची. दोघंही घरूनच काम करायचो. माणसं एकमेकांशी जुळवून घेतात, पण कंपन्यांचं तसं नसतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

नवरा वेबसाइटी सांभाळायचा. सकाळी आरामात आंघोळ करून तो बाजेवर मांडी घालून बसायचा. मध्येच उठून बाजारात जायचा, वांगी घेऊन यायचा, पुन्हा बसायचा. त्याच्या साहेबांचं म्हणणं एवढंच, की काम झालं पाहिजे, मग तुम्ही झाडावर बसून करा.

मी दवाखान्याच्या विम्याची कागदपत्रं तपासायचे. माझ्या कंपनीचं घरून काम करण्याचं धोरण चौदा पानी होतं. लॅपटॉपमध्ये एक प्रोग्राम होता, तो दर दहा मिनिटांनी माझा फोटो काढायचा. खुर्ची रिकामी सापडली तर कारण लिहायचं. 'पाणी प्यायला गेले', 'दूध उतू गेलं', 'कुकरची शिट्टी' अशी माझी कारणं साठत गेली. सुट्ट्यांची यादीही हैदराबादची. पोळ्याला सुट्टी नाही, तिकडच्या बोनालू सणाला आहे. त्या दिवशी नेमकं काय करायचं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून आम्ही कोंबडी आणली.

माझे सासरे वनरक्षक होते. अख्खी नोकरी आलापल्लीकडच्या जंगलात गेली. निवृत्त झाल्यावर ते वडशाला राहायला आले. माझं काम त्यांनी चार दिवस नुसतं पाहिलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "बाई, हा डबा तुया फोटो काऊन काढते?"

"मी खुर्चीवर आहे का ते पाहायला, बाबा."

"तुया साहेबाचा तुयावर भरोसा नाई का?"

"तुमचे साहेब कसं पाहायचे?"

"दोन-दोन महिने येत नव्हते ना! आले का झाडं पाहत. झाड उभं हाय म्हणजे मीबी उभा हाय."

दिवाळी झाली आणि आमच्या शेजारच्या रिकाम्या घरात एक नाटक मंडळी उतरली. हिवाळाभर आमच्या भागात गावोगावी झाडीपट्टीची नाटकं होतात आणि त्यांच्या कंपन्यांचं ठाणं वडशाला, त्यामुळे यात नवल काहीच नव्हतं. पण तालीम नेमकी आमच्या भिंतीला लागून, त्यांच्या अंगणात, दुपारी तीनला सुरू व्हायची. आणि दुपारी तीनलाच माझी रोजची मीटिंग असायची.

पहिले दोन दिवस नुसती गाणी होती, ती मी आवाज बंद करून निभावली. तिसऱ्या दिवशी माझी बोलायची पाळी आली. माइक सुरू केला आणि त्याच क्षणी भिंतीपलीकडून नायिकेनं काळीज फाटेल अशी किंकाळी फोडली. "मामंजी, मारू नका मले! मी पाया पडतो तुमच्या!"

मीटिंगमधल्या बाराही जणांचे चेहरे स्क्रीनजवळ आले. मी खुलासा करायला तोंड उघडलं तोच माझ्या मागून सासरे गेले. ते अंगणात लाकडं फोडत होते, पाणी प्यायला आत आले होते आणि कुऱ्हाड त्यांच्या हातातच होती. प्रोग्रामनं तेवढ्यात फोटो काढला.

माझे मॅनेजर भले गृहस्थ होते. हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आप ठीक हैं ना?"

"सर, बाजूला नाटक चाललंय," मी हिंदीत समजावू लागले. तर पलीकडून पुन्हा, "घराबाहेर काढू नका हो मले!"

पाच मिनिटांत कंपनीतून एका बाईंचा फोन आला. कर्मचाऱ्यांची सुरक्षितता त्या पाहायच्या. म्हणाल्या, "बोलता येत नसेल तर फक्त हो किंवा नाही म्हणा. आत्ता तुमच्याजवळ कोणी आहे?"

"हो, सासरे आहेत."

"त्यांच्या हातात काही आहे?"

मी वळून पाहिलं. "आत्ता पाण्याचा पेला आहे," मी म्हणाले आणि मला हसू आवरेना. फोनवर ते रडण्यासारखं ऐकू गेलं असावं, कारण बाई म्हणाल्या, "घाबरू नका, आम्ही पोलिसांना कळवतो."

मग मात्र मी बाईंना मीटिंगमध्ये यायला सांगितलं, लॅपटॉप उचलला आणि कुंपणाजवळ धावले. कॅमेरा तालमीकडे धरला. दिग्दर्शकांना ओरडून सांगितलं, "भाऊ, जरा थांबा! हैदराबादच्या लोकांले वाटून राह्यलं का मले घरात मारून राह्यले!"

दिग्दर्शक तर खूशच झाले. एवढ्या लांबवर परिणाम झाला होता ना! नाटकातले दुष्ट सासरे पुढे आले. प्रत्यक्षात ते फार मवाळ गृहस्थ होते. कॅमेऱ्यासमोर हात जोडून म्हणाले, "मॅडम, मैंने आज तक किसी को मारा नहीं." नायिकेनंही हात हलवला. माझे खरे सासरे माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि दोन्ही हात रिकामे असल्याचं दाखवू लागले.

पोलीस टळले. पण दुसऱ्या दिवशी पत्र आलं. माझ्या सुरक्षिततेबद्दल कंपनीचं समाधान झालं होतं, आवाजाबद्दल झालं नव्हतं. धोरणाच्या नवव्या पानाप्रमाणे मला दार लागणारी, शांत, स्वतंत्र खोली सात दिवसांत दाखवायची होती. नाहीतर रोज कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसात हजर व्हायचं. वडशाहून रोज नागपूर म्हणजे कामापेक्षा एसटीतच जास्त बसणं झालं असतं.

नवऱ्याच्या मीटिंगमध्येही ती किंकाळी गेली होती. त्याच्या साहेबांनी विचारलं, "नाटकाचं नाव काय? शेवटी सुनेचं चांगलं होतं ना?" बस्स. त्याच्याकडे चौकशी तेवढ्यावर संपली. मला त्या दिवशी नवऱ्याचा फार राग आला. वास्तविक त्याची काही चूक नव्हती.

खोलीचा तोडगा सासऱ्यांनी काढला. घरामागे धान ठेवायची खोली होती. त्यांनी पोत्यांची थप्पी तीन भिंतींना छतापर्यंत लावली, मधे माझं टेबल बसवलं आणि बाहेर जाऊन स्वतःच ओरडले, "मारू नका मले!" आत मला काहीच ऐकू आलं नाही. ते तीनदा ओरडले. शेवटी शेजारून दिग्दर्शक पाहायला आले आणि म्हणाले, "बाबूजी, आवाज चांगला हाय तुमचा. नाटकात पोलिसाचं काम करता का?"

सासरे लाजले, पण नाही म्हणायला त्यांना बराच वेळ लागला.

कंपनीनं व्हिडिओवर खोली तपासली. भिंती कशाच्या आहेत असं विचारलं. मी खरं ते सांगितलं. तिकडे थोडी कुजबुज झाली आणि मंजुरीचं पत्र आलं, सहीशिक्क्यासह. धानाच्या धुळीनं मला शिंका यायच्या आणि त्या शिंकतानाचे माझे फोटो कंपनीच्या दफ्तरी असतील, पण खोली पक्की झाली.

उन्हाळ्याच्या तोंडाला नवऱ्याचे साहेब दुसरीकडे गेले. नवे आले. आठवड्यात एक चार ओळींची मेल आली, की पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी पुण्यात हजर व्हावं. नवरा फोनवर म्हणाला, "पण आधीच्या साहेबांनी कायमची परवानगी दिली होती."

"लेखी आहे का?"

लेखी काहीच नव्हतं. त्याच्या कंपनीत धोरण कधी नव्हतंच, फक्त एका माणसाचा चांगला स्वभाव होता, आणि तो माणूस गेला होता. माझी चौदा पानं मला छळायची, पण मला वडशाहून हलवायचं तर कंपनीला आधी त्या पानांत कारण शोधावं लागलं असतं.

नवरा पुण्याला गेला. तिघांत एक खोली घेतली. रोज दीड तास प्रवास करून ऑफिसात पोचायचा आणि कानाला हेडफोन लावून इंदूरच्या माणसांशी बोलायचा. "हे मी बाजेवर बसून नव्हतो का करत?" तो फोनवर विचारायचा. त्याच्या वाट्याची वांगी मग मी आणायला लागले, जेवणाच्या सुट्टीत, धावतपळत. घर फार शांत झालं होतं. तो जवळ असताना त्याच्या आरामाचा हेवा वाटायचा, आता रिकाम्या बाजेकडे पाहवत नव्हतं.

दोन महिन्यांनी तो चार दिवस घरी आला तेव्हा मी माझं चौदा पानी धोरण त्याच्यापुढे ठेवलं. आम्ही दोघांनी मिळून त्याचा अर्ज लिहिला. कामाचे तास, खोली, दार, इंटरनेट, किती वेळात उत्तर मिळेल, सगळं मुद्देसूद. सासऱ्यांनी एक ओळ सुचवली, "घरी राहूनही काम उभं दिसेल." ती आम्ही घातली.

नव्या साहेबांनी अर्ज दोनदा परत पाठवला आणि तिसऱ्यांदा मान्य केला. महिन्यातला एक आठवडा पुण्यात, बाकी घरून. या वेळी लेखी. सासऱ्यांनी त्या पत्राची प्रत काढून घेतली आणि घराच्या कागदांच्या पेटीत ठेवली.

ठरल्याप्रमाणे पहिल्या आठवड्याला नवरा पुण्याला गेला. सकाळीच त्याचा फोन आला. त्याचं पाहून बाकीच्यांनीही तशीच परवानगी मिळवली होती. ऑफिसात आता सगळेच आठवडे वाटून येतात, म्हणून कंपनीनं अर्धी टेबलं काढून टाकली होती. जागा आधी मोबाइलवर राखून ठेवायची असते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"मग कुठे बसलास?" मी विचारलं.

"जिन्यात," तो म्हणाला. "इथे नेट चांगलं आहे."