एकतारी पाक आणि तात्यांची बोटं

योग्य साधनांशिवाय उत्तम गोडधोड होत नाही, हे सत्य आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं आहे. पिढ्या म्हणजे दोन. आणि साधनं म्हणजे एक पितळी सोऱ्या, तोही शेजारच्यांचा.

भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत आमच्या ओळीत आठ घरं होती आणि सोऱ्या एक. दिवाळीच्या आधी तो घरोघर फिरायचा. त्याच्या बदल्यात आमची मोठी परात फिरायची. अनारशाची जाळी शेवटच्या घरातल्या काकूंची. शंकरपाळ्या कापायची फिरकी कुणाची होती ते कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे ती ज्या घरात सापडेल त्यांची. सोऱ्याची बारीक शेवेची चकती माझी शाळा सुरू व्हायच्या आधीच कुठेतरी हरवली होती. आमच्या ओळीतली सगळी मुलं जाड शेव खाऊन मोठी झाली. पुढे बारामतीला दुकानातली बारीक शेव पहिल्यांदा खाल्ली तेव्हा मला ती आजारी वाटली.

साखरेची मात्र कमतरता नव्हती. कारखान्याची सवलतीची साखर दिवाळीला मिळायची आणि तिचं पोतं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसायचं. त्यावर बसायला आम्हाला मनाई होती, म्हणून आम्ही त्यावरच बसायचो.

माझे वडील, म्हणजे तात्या, कारखान्यात प्यानवर होते. प्यान म्हणजे दोन मजले उंच बंद भांडं. त्यात आटवलेला रस शिजत राहतो आणि शेवटी साखरेचा दाणा धरतो. तो कधी धरतो यावर लक्ष ठेवणं हे तात्यांचं काम. पितळी दांडा आत सारायचा, चमचाभर नमुना काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरून दिव्यासमोर धरायचा. मग थोडा अंगठा आणि बोटाच्या मध्ये घेऊन बोटं हळूच लांब करायची आणि तार बघायची. प्रयोगशाळेत यंत्रं होती, पण प्यानवर सगळे तात्यांच्या बोटांकडे बघायचे. एकदा डबा द्यायला गेले तेव्हा मी हे बघितलं. घरी येऊन आईला सांगितलं, "तात्या तुझ्यासारखंच करतात."

आई तेव्हा रव्याच्या लाडवांचा पाक करत होती. तिच्याही अंगठ्यात आणि बोटात पाकाचा थेंब होता. तिने तार बघितली, पातेलं उतरवलं आणि म्हणाली, "माझ्यासारकं? त्यांचा पाक बिघडला तर सायेब बघतील. माझा बिघडला तर पंगत."

तात्यांना गॅसजवळ यायला बंदी होती. पाक चढवलेला असताना ते दारात जरी दिसले तरी आई म्हणायची, "तुमी पाळीवर जावा." पाळी नसली तरी जायचे. कॉलनीच्या पारावर प्यानवरचे आणखी दोन-तीन जण बसलेले असायचे. त्यांच्याही घरी पाकच चढलेला असावा.

तात्या निवृत्त झाले तेव्हा त्यांनी सणसरला घर बांधलं. मी लग्न होऊन बारामतीत. यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं, मुलगा वडगाव निंबाळकरचा.

हल्ली लग्नात रुखवत हे एक वेगळंच प्रकरण झालं आहे. वधूकडून द्यायच्या फराळाचं आणि भांड्यांचं हे ताट आता मंडपात स्वतंत्र स्टेजवर, दिव्यांच्या माळेत मांडतात. आमच्या रुखवतात थर्माकोलचा किल्ला होता, लोकरीचं तुळशीवृंदावन होतं आणि आगपेटीच्या काड्यांची ऊस भरलेली बैलगाडी होती. या गाडीला जेवढे दिवस लागले तेवढ्यात खरा ऊस तोडून झाला असता. माझी मुलगी म्हणाली, फराळ केटररला सांगू. आईने मान्य केलं, फक्त एक अट घातली.

"लाडू मी करणार. एकवीस. मी हाय तवर नातीच्या रुखवताला इकतचा लाडू जायचा न्हाय."

आईला पंधरा वर्षं शुगर आहे. हे मी मध्येच सांगते आहे, कारण तेव्हा मलाही त्याचा लाडवांशी संबंध वाटला नव्हता. ती गोड खात नाही, एवढंच मला माहीत होतं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात आम्ही सकाळीच सणसरला गेलो. मुलीने ऑनलाइन मागवलेला एक डिजिटल थर्मामीटर आणला होता, खास पाकासाठी. लांब दांडी, वर आकडे.

"ह्यो कशाला?" आई म्हणाली. "पाकाला ताप आलाय व्हय?"

"आजी, याने बरोबर कळतं. एकशे काहीतरी डिग्रीला एकतारी होतो."

"काहीतरीला?"

मुलीने मोबाइल काढला. व्हिडिओतल्या एका बाईने एक आकडा सांगितला होता, दुसरीने दुसरा, आणि तिसरी म्हणत होती की आपल्या आजीसारखी बोटांनीच तार बघा. थर्मामीटर फळीवर गेला.

रवा तुपात भाजून झाला. खोबरं पडलं. पाक चढला. आईने उलथन्यावरचा थेंब बोटावर घेतला, अंगठा टेकवला, बोटं लांब केली आणि म्हणाली, "झाला."

मी शेजारी उभी होते. मला तार दिसली नाही. मला वाटलं माझाच चष्मा. पाक रव्यात पडला. तासाभराने लाडू वळायला घेतले तर ते वळले, पण परातीत ठेवल्यावर हळूहळू खाली बसले. एकवीस लाडवांचे एकवीस बत्तासे झाले.

आईने दुसरा पाक चढवला. या वेळी मी तिच्या हाताकडेच बघत होते. तिने बोट थेट उकळत्या पाकाच्या काठाशी नेलं, थेंब घेतला आणि हात मागे घेतला नाही. बोटाचं टोक लाल होत होतं. मी ओरडून तिचा हात नळाखाली धरला. ती माझ्याकडे बघतच राहिली, जणू मीच काही आगाऊपणा केला.

"आई, भाजलं!"

"कुठं?" ती म्हणाली.

दारात तात्या उभे होते. "तिला सा म्हयन्यांपास्नं चहाचा कप गरम लागत न्हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "शुगरनं बोटं बधिर झाल्यात. सांगू नगं म्हनली."

आईने टॉवेलला हात पुसला. गॅस बारीक केला. केटररला फोन करू, असं मुलगी म्हणणार होती. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. पाक रटरटत होता. आई खिडकीकडे बघत होती. मग दाराकडे न बघताच म्हणाली, "हिकडं या. हात धुऊन या."

पन्नासेक वर्षांच्या संसारात तात्या पहिल्यांदा पाक चढलेला असताना गॅसजवळ गेले. त्यांनी हात कोपरापर्यंत धुतले. काचेचा पेला मागितला, तो पालथा करून त्याच्या बुडावर थेंब घेतला, खिडकीच्या उजेडात धरला. मग अंगठा आणि बोट.

"अजून," ते म्हणाले.

थोड्या वेळाने परत. "अजून."

"कवर अजून? पाळी संपायची वाट बघताय का?"

"घाईचं काम न्हाय. दाणा धरू दे."

"दाणा?" आई म्हणाली. पण तेवढ्यात तात्यांनी "आता!" म्हटलं, ते अशा आवाजात की मुलीने पातेलं उचललं आणि रव्यात ओतलं.

तो घाणा परातीतच बसला. उलथनं खुपसून वर उचललं तर परातच वर आली. कुणाची चूक होती असंही म्हणता येत नाही. तात्यांची सगळी नोकरी पाकाची साखर करण्यात गेली होती, आणि लाडवाचं सगळं कसब पाकाची साखर होण्याआधी थांबण्यात आहे.

"मालकांनी साखर काडली," आई म्हणाली. आणि हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

तिसऱ्या वेळी तिने स्टूल ओढून गॅसजवळ बसून घेतलं. "तुमी 'झाला' म्हनायचं न्हाय. नुसतं काय हाय त्ये सांगायचं. झाला का त्ये मी सांगीन."

"बरं," तात्या म्हणाले.

"बोला."

"चिकाट हाय. तार न्हाय."

"दोन उकळ्या येऊ द्या."

"तार निघतीय. लगीच तुटतीय."

आईने डोळे मिटले होते. "एक उकळी."

"निघाली. नखाएवढी लांब हाय. न्हाय, जरा जास्त. टिकली..."

"उतरवा."

"अगं, अजून..."

"उतरवा म्हनलं न्हवं?"

तात्यांनी उतरवलं. वाफेत दोघांचे चेहरे नीट दिसत नव्हते. लाडू वळले, ठेवले, आणि आम्ही चौघं परातीभोवती बसून ते खाली बसतात का हे बघत राहिलो. बसले नाहीत.

मला तेव्हा वाटलं, आणि मला असं सहसा वाटत नाही, की एवढ्या वर्षांत कारखान्याच्या प्यानवर आणि आमच्या दोन बर्नरच्या शेगडीवर एकच काम चाललेलं होतं, आणि ते करणारी दोन माणसं त्या दिवशी पहिल्यांदा एका पाळीवर आली.

रुखवतात लाडू किल्ल्याच्या शेजारी मांडले. आई दोन तास समोरच्या खुर्चीवरून हलली नाही. लोक बैलगाडीचे फोटो काढत होते.

आठ दिवसांनी वडगावहून विहीणबाईंचा फोन आला. लाडू फार आवडले होते, प्रमाण हवं होतं. मी फोन आईकडे दिला.

"किलोभर रवा," आई म्हणाली. "पाऊण किलो साखर. नारळ एक. तूप हात सैल सोडून." मग थांबली आणि तात्यांकडे बघत म्हणाली, "आनि पाकापाशी मालकांना उभं करायचं. त्यांनी 'अजून' म्हनलं की लगीच उतरवायचा."

पलीकडून "हं, पुढं?" असं ऐकू आलं, म्हणजे विहीणबाई लिहून घेत होत्या.

त्यांचे मालक, म्हणजे आमचे व्याही, तलाठी होते.