गुणवंतभाऊंची इटली

गुणवंतभाऊ जन्मभर खुर्च्या करत आले, आणि त्यांच्या घरात एकही खुर्ची नव्हती. पाहुणा आला की ते कोपऱ्यातली सतरंजी झटकून पसरत आणि त्याच्या आधी स्वतःच मांडी घालून मोकळे होत. फर्निचर डिझायनरच्या घरी आलोय, निदान एखादं स्टूल तरी असेल, म्हणून पाहुणा बिचारा इकडेतिकडे बघत राही. "पायता काऊन बापा? बसा ना," गुणवंतभाऊ म्हणत. "खुर्ची मानसाच्या मापाची असते. माहं माप मलेच अजून सापडलं नाई." हे उत्तर आमच्या आदिलाबादच्या गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं.

गल्लीला त्यांचा धंदा कधी नीट कळला नाही. ते हैदराबादच्या एका कंपनीसाठी कॉम्प्युटरवर टेबल-खुर्च्यांची चित्रं काढत आणि घरामागच्या शेडमध्ये पहिला नमुना स्वतःच्या हातानं तयार करत. पण आमच्याकडे लाकडाला हात लावतो तो सुतार, त्यामुळे कुणाच्या दाराची बिजागरी निघाली की हाक त्यांनाच. ते कुरकुर न करता जात, बिजागरी बसवून देत, आणि निघताना "दारच उलट्या बाजूनं लावलं हाय तुमी" असं सांगून घरमालकाचं तोंड कडू करून येत.

मूळचे ते नार्नूरकडचे, कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या घरातले. शिष्यवृत्तीवर डिझाइन शिकले आणि थेट इटलीला गेले. नकाशात इटली बुटासारखी दिसते, त्या बुटाच्या टाचेपाशी कुठलंसं गाव होतं. तिथे मिम्मो नावाच्या कारागिराच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं काढली. परत का आले, याचं कारण मात्र दर खेपेला बदले. कधी म्हातारी माय, कधी अंबाडीची भाजी, तर एकदा चक्क "तिकडचा समुद्र लय खारट हाय वहिनी" असंही मला सांगून झालं होतं.

मिम्मोशी दोस्ती जमली ती मिरचीवरून. गुणवंतभाऊ पहिल्या दिवशी त्याच्या घरी गेले तर दाराशी लाल मिरच्यांच्या माळा वाळत टांगलेल्या. "मले वाटलं, नार्नूरच्या बाजारातच उतरलो का काय," ते सांगत. त्यांनी तिथल्या तिथे मिरची, लसूण, मीठ कुटून ठेचा केला. मिम्मोनं तो पावाला लावून खाल्ला, डोळे पुसले, आणि पुन्हा पाव पुढे केला. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती. "जेवता येत होतं ना दोघायले. मंग भाषा कायले पायजे?" असं गुणवंतभाऊंचं म्हणणं होतं.

त्या गावातून त्यांनी सामान थोडं आणि एक वाक्य आणलं होतं: "तिकडे असंच असते." भाजीत लसूण जास्त पडला तरी तिकडे असंच असते, आणि उन्हाळ्यात दुपारी शेडला कुलूप लावून घोरत पडले तरी तिकडे असंच असते. आम्हाला इटली बघायची सोय नव्हती, म्हणून आम्ही सगळं खरं धरून चालत होतो.

मापाची त्यांची रीतही जगावेगळी होती. ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याच्या घरी जेवल्याशिवाय ते टेप काढत नसत. "उभं मानूस खोटं असते वहिनी. जेवाले बसलं का खरं होते," असं ते म्हणत. आमच्या घरचं माप त्यांनी वर्षानुवर्षं घेतलं, बहुधा भाकरी तव्यावर असतानाच, आणि त्यातून एक पाटसुद्धा बाहेर पडला नाही.

आमच्या ह्यांचं किराणा दुकान. सगळे ह्यांना मनोहरशेठ म्हणतात. हे आणि गुणवंतभाऊ जुने मित्र; त्यांच्यात तिसरे नरसय्यान्ना, मंचेरियलच्या कोळशाच्या खाणीतून रिटायर होऊन लेकीजवळ आदिलाबादला राहायला आलेले. ते मला 'वदिना' म्हणतात, म्हणजे तेलुगूत वहिनीच. दर रविवारी या तिघांची पंगत आमच्या सोप्यात बसे. मी वाढायला. गुणवंतभाऊ दर वेळी म्हणत, "वहिनी, तुमी बी बसा. तिकडे सैपाक करनारी बाई पयले बसते." मी विचारी, "मग वाढतं कोण?" ते म्हणत, "ज्याले भूक हाय तो." आणि तिघेही भुकेले असून एकही जागचा हलत नसे. एवढ्यापुरती इटली आमच्या सोप्यात येत नव्हती.

मग ह्यांना लकवा झाला. जीव वाचला, हळूहळू बोलणं आलं, आधारानं चालणंही आलं, पण उजवा हात आला नाही. डॉक्टरांनी डाव्या हातानं जेवायला सांगितलं. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात डाव्या हातानं कुणाला सुपारी दिली नाही, त्यानं त्या हातानं घास घ्यायचा! चमचा दिला तर तो भिरकावला, "मी का लेकरू हाय?" म्हणून. शेवटी ताट आतल्या खोलीत नेऊन, दार लोटून जेवू लागले. मलाही थांबू देत नसत. बाहेर मला फक्त आवाज ऐकू यायचा, ताट सरकल्याचा, खर्र, पुन्हा खर्र.

रविवारी दोघे मित्र आले की मला सांगायला लावत, "त्यांचं झालं जेवण." दोघे कोरडा चहा पिऊन जात. ह्यांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं, सदरे अंगात लोंबू लागले. ज्यांना चार माणसांशिवाय घास उतरत नसे, ते एकटे पडून वाळत चालले होते. हे असंच चाललं तर हा माणूस माझ्या हातून जाणार, हे मला दिसत होतं. चुलीपाशी बसून मी रडत असे, आणि डोळे पुसून पुन्हा भाकरी थापत असे.

गुणवंतभाऊ गप्प बसणारे नव्हतेच. महिनाभर शेडमध्ये ठोकठोक चालली आणि एक दिवस ते खुर्ची घेऊन हजर झाले. सागवानाची, उजव्या हाताला विसावा, डाव्या बाजूला ताट ठेवायची फळी. गल्ली बघायला जमली. ह्यांनी खुर्ची वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "झकास हाय. दवाखान्यात देऊन टाक."

खुर्ची डोक्यावर घेऊन गुणवंतभाऊ परत गेले. संध्याकाळी एकटेच आमच्या ओट्यावर येऊन बसले. "चुकलंच वहिनी. मी त्याच्यासंग जेवलो नाई. बिना जेवता माप घेतलं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी हट्टच धरला. स्वतःचं ताट घेऊन ते आतल्या खोलीत शिरले. हे ओरडले. "मी पायतच नाई तुले," गुणवंतभाऊ म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. एक मित्र खाटेवर, दुसरा खाली भिंतीशी बोलत जेवतोय, असा तो प्रकार बरेच दिवस चालला. नरसय्यान्ना दारातून डोकावून मला म्हणाले, "वदिना, दोघायलेबी दवाखान्यात न्या." त्याच दिवसांत गुणवंतभाऊंनी माझ्या मांडणीवरचं एक स्टीलचं ताट मागून नेलं. मी दहादा मागितलं, दहादा विसरले. उचलेगिरी हीही इटलीची रीत असेल, असं मी नरसय्यान्नांना म्हटलं.

भैंशात कापूस पिंजायची एक जुनी जिनिंग गिरणी पाडत होते. तिथल्या सागाच्या तुळया गुणवंतभाऊंनी आणल्या आणि आपल्या अंगणातल्या कडुलिंबाखाली लांबलचक टेबल उभं केलं. भोवती सगळ्या खुर्च्या सारख्या, कुणाला विसावा नाही की फळी नाही. टेबलाला मात्र प्रत्येक खुर्चीसमोर एक गोल, उथळ खळगा कोरलेला. मी विचारलं, हे काय? "ताट ठेवाची जागा. तिकडे असंच असते." मी घरून ताटं नेली, तर अगदी बरोबर बसली. इटलीतली ताटं आणि आमची ताटं एकाच मापाची, याचं मला मोठं नवल वाटलं आणि मी ते चार बायकांना सांगितलंही.

रविवारी जेवायचं आमंत्रण आलं. हे यायला तयार नव्हते. गुणवंतभाऊ म्हणाले, "हातानं कोनीच खानार नाई. काट्यानं खाचं हाय. नाई जमलं तं उठून जाय." नरसय्यान्नांनी खांद्याचा आधार देऊन ह्यांना आणलं. गुणवंतभाऊंनी लांब दोऱ्यांसारख्या इटालियन शेवया उकडल्या होत्या, वर टोमॅटो, लसूण आणि लाल मिरचीचा रस्सा. एकेक काटा प्रत्येकाच्या हातात दिला आणि स्वतः वाढायला उभे राहिले. मला म्हणाले, "बसा." मी बसले. वाढणारा दुसरा कुणी आहे, हे मला खुर्चीत बसल्यावरही खरं वाटत नव्हतं.

आणि मग जी फजिती सुरू झाली! नरसय्यान्नांनी उचललेला सगळा गुंता सदऱ्यावर उतरला. "अय्यो, हे जेवन हाय का जाळं?" म्हणत ते टिपू लागले. माझ्या हनुवटीवरून एक शेवई लोंबत होती आणि ती आत ओढावी की बाहेर, हे मला कळेना. मी चोरून ह्यांच्याकडे पाहिलं. डाव्या हातात काटा धरून हे सावकाश फिरवत होते. ताट खळग्यात घट्ट बसलेलं, जराही सरकत नव्हतं. एक नीट गुंडाळलेला घास त्यांच्या तोंडात गेला. नरसय्यान्नांच्या सदऱ्याकडे बघून हे म्हणाले, "दोन हात असून हे हाल तुहे?" आणि हसले. लकव्यानंतर ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. मी पदर तोंडाला लावला. मिरची लागली, असं सगळ्यांना सांगितलं.

नंतर दर रविवारी त्या टेबलावर जेवणं होऊ लागली. शेवया जाऊन भाकरी आली, ठेचा आला, अंबाडी आली, काटे कधी मागे पडले ते कळलंही नाही. हे डाव्या हातानं भाकरी मोडून खाऊ लागले. एकदा मध्येच थांबून हाताकडे बघत राहिले, तेव्हा गुणवंतभाऊ वाढता वाढता म्हणाले, "जेव मुकाट्यानं. तिकडे डावा-उजवा नसते." भरलेलं अंग पाहून नरसय्यान्ना "बागुंदि, बागुंदि", म्हणजे छान छान, म्हणत ह्यांच्या पोटावर थापट्या मारत.

गेल्या थंडीत गुणवंतभाऊ गेले. दुपारी शेडमध्ये रंधा मारता मारता दमले म्हणून टेकले, ते उठलेच नाहीत. टेकले तेही जमिनीवर. बाजूला तयार खुर्ची होती, पण ती दुसऱ्या कुणाच्या मापाची.

तेरवीला नार्नूरहून त्यांचे भाऊ, भावकी, पुतणी शीतल, सगळे आले. अंगणात पंगत जमिनीवर बसली. ह्यांना खाली बसता येत नाही म्हणून हे टेबलाशी, सोबतीला नरसय्यान्ना. साऱ्या पंगतीदेखत ह्यांनी डाव्या हातानं वरणभात कालवला. भावकीतले एक म्हातारे पानावरून मान वर करून म्हणाले, "शेठ, डाव्या हातानं?" ह्यांनी घास गिळला आणि सावकाश उत्तर दिलं, "तिकडे असंच असते."

जेवणं चालू असतानाच शीतलच्या मोबाईलवर इटलीहून व्हिडिओ कॉल आला. मिम्मोची नात होती आणि मागे खुर्चीत स्वतः मिम्मो, पांढऱ्या मिशांचा. शीतल नातीशी इंग्रजीत बोलत होती, नात आजोबांना सांगत होती. शीतलनं त्यांना शेड दाखवली, कडुलिंबाचं झाड दाखवलं, मग टेबल. मिम्मोनं काहीतरी विचारलं. शीतल आमच्याकडे वळली. "ते इचारून राह्यले, टेबलाले हे खड्डे कायचे?"

मी म्हटलं, "सांग त्यांना, तुमच्याकडे असतात तसेच ताटाचे."

ते तिकडे पोचलं. मिम्मोनं मान हलवली, बराच वेळ बोलला. शीतल म्हणाली, "नाई म्हनतेत. आपल्या जिंदगीत त्यायनं असा टेबल नाई पायला. म्हनतेत, गुणवंतनं हा कोनासाठी केला?"

मी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर मांडलेली, नार्नूरहून आलेली ताटं एकाही खळग्यात बसत नव्हती, कडेला तिरपी पडली होती. बसलं होतं ते फक्त ह्यांच्यासमोरचं, माझ्या मांडणीवरचं. भिंतीकडे तोंड करून जेवणारा तो माणूस तेवढे दिवस काय ऐकत होता, ते मला तेव्हा कळलं.

ह्यांनी ताट उचलून बाजूला ठेवलं आणि डाव्या हाताचा तळवा खळग्यावरून फिरवला. पुन्हा पुन्हा फिरवला. "लबाड," हे म्हणाले. "लबाड सालं." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला ह्यांनी हात तिथून काढला नाही.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू उभी काऊन? बस."

"आणि वाढतं कोण?" मी विचारलं.

नरसय्यान्ना खुर्ची मागे सारून उठले. त्यांनी भाताची परात उचलली, आणि पहिलं माझ्या ताटात वाढलं.