मामंजींचा चमचा

चहाच्या दुकानामागच्या खोलीत चव घ्यायचं टेबल होतं आणि तिथे मामंजींच्या शेजारी बसायचा मान इतकी वर्षं थोरल्या सुनेचा होता. चमचाभर कोरा चहा सुर्रकन ओढायचा, जिभेवर घोळवायचा आणि थुंकायचा, हे तिला त्यांनीच शिकवलेलं. रंगाला आसाम, वासाला दार्जिलिंग, तरतरीला निलगिरी. मिश्रणात कुणाचा वाटा कमी पडलाय ते ती एका घोटात सांगायची. या जिभेपायी बाईने कच्चा कांदा सोडला, अंगाला कधी अत्तर लावलं नाही.

आणि आता मामंजी हाक मारत धाकटीला! थोरलीच्या वाट्याला पुड्या बांधणं आलं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! "धाकटीची जीभ तयार होतेय हं," असं मामंजी म्हणाले की हिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. त्यांचा चवीचा चमचा पुढे कुणाच्या हातात जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

चहा शेजारच्या वस्तूचा वास चटकन धरतो. थोरलीने धाकटीने निवडलेल्या दार्जिलिंगच्या डब्यात वासाच्या साबणाची वडी पुरली आणि काही दिवसांनी गुपचूप काढून घेतली. आता खा म्हणावं बोलणी!

त्या सकाळी ती मुद्दाम दारात रेंगाळली. कपातून न्हाणीघराचा भपकारा येत होता. धाकटी कप हुंगून दचकली, पण तिने तोंड उघडायच्या आत मामंजींनी घोट ओढला होता.

"वा! दार्जिलिंग असावा तर असा."

थोरलीच्या हातातली पुडी सुटली. गिऱ्हाइकाची हाक आली म्हणून मामंजी पुढे दुकानात गेले, तशी ती आत आली.

"कधीपासून गं?"

"मी या घरात आले तेव्हापासून. वास नाही, चव नाही. मी हळूच सांगते, ते मोठ्याने बोलतात."

"मग मला का नाही बोलावलं?"

"ताई, तुम्हाला त्यांनी शिकवलंय. तुमच्यासमोर लाज वाटते त्यांना."

मामंजी परतले. मोठ्या उत्साहात त्यांनी चमचा पुढे केला. "सूनबाई, तूही बघ की."

तिने घोट ओढला. थुंकायचं सोडून साबणासकट गिळला.

"फक्कड आहे, मामंजी."

म्हातारा खुलला. थोरलीला भरून आलं, पण पोटातलं दुखणं काही थांबलं नाही. चमचा एक वेळ गेला असता तरी चाललं असतं. त्यांची लाज झाकायचं कामसुद्धा धाकटीलाच मिळालं होतं.