'तडा'चा नवा अल्बम

चांगल्या बँडला फॅन मिळतात. आमच्या बँडला किस्से मिळाले! आजही आम्ही चारजण चहाला बसलो आणि कुणी 'तडा'चं नाव काढलं, की दुसरा कप मागवावाच लागतो.

'तडा' म्हणजे नव्वदच्या दशकातला आमच्या कोल्हापूरचा एक्सपेरिमेंटल रॉक बँड. नावावरून लोकांना वाटायचं, भांडी सांधून देतात. गिटार आणि गाणं संज्याचं, ड्रम इम्रानचा. प्रॅक्टिस शाहूपुरीत, इम्रानच्या चाचाच्या टायरच्या गोडाऊनमध्ये. मी फॅन. म्हणजे स्पीकर उचलणारा!

पहिल्या कॅसेटमध्ये निदान गाणी तरी होती. दुसरीच्या वेळी संज्यानं जाहीर केलं, "आता चाल नाही, ताल नाही, शब्द नाहीत."

इम्रान म्हणाला, "मग मी घरी जाऊ?"

*

नव्या अल्बमची प्रॅक्टिस चालू होती. बिद्रीकडचे एक गृहस्थ दारात उभे. "पावणं, बँड हितंच न्हवं? पोराची वरात हाय."

आम्ही वरातीत वाजवत नाही, एवढं सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण संज्याला श्रोता दिसला! "बसा मामा, ऐका," म्हणाला आणि अल्बममधला सगळ्यात लांब तुकडा सुरू केला.

मामा टायरवर बसले, टोपी सारखी केली आणि मान न हलवता शेवटपर्यंत ऐकत राहिले. आमच्या फॅन लोकांनासुद्धा हे जमलं नव्हतं. शेवटचा आवाज विरला. मामा अदबीनं म्हणाले,

"झाली न्हवं जुळवाजुळव? आता वाजवा की!"

*

संज्याला अल्बममध्ये 'यंत्रयुगाची वेदना' पाहिजे होती. शिवादादा म्हणून आमच्या ओळखीचा एकजण साखर कारखान्यात कामाला होता. त्याच्या वशिल्यानं संज्या ऐन हंगामात टेपरेकॉर्डर घेऊन आत शिरला आणि ऊस गाळायचा घरघराट भरून आणला. कॅसेटची एक अख्खी बाजू तोच घरघराट!

नव्या अल्बमची पहिली कॉपी अर्थातच शिवादादाला भेट. त्यानं आमच्यासमोरच ती लावली. जरा वेळ ऐकली आणि खटकन बंद केली.

"काय झालं दादा?"

"संज्या, ह्यो आवाज ऐकाय लागू नये म्हणून तर मी रजा काढलीया!"

*

आमच्यातला विचारवंत मिलिंद. होता इंजिनीअरिंगला, पण इंजिनीअरिंग सोडून सगळ्याचा अभ्यास. कॅसेट मिळाल्यावर काही दिवस गायब झाला. उगवला तो डोळे लाल करून.

"काय संथपणा आहे रे! काळाला धरून बसवलंय तुम्ही!"

संज्या चक्रावला. कॅसेटची दुसरी बाजू त्यानं आणि इम्राननं जीव खाऊन, पळत सुटल्यासारखी वाजवली होती. आम्ही मिलिंदच्या घरी गेलो. त्याच्या टेपवर इम्रानचा ड्रम गुडघे धरून जिना चढत होता, आणि संज्या व्यायला झालेल्या म्हशीसारखा हंबरत होता.

इम्राननं टेप उघडला. आतला रबरी पट्टा सैल पडलेला! नवा पट्टा आणून बसवला. कॅसेट नीट पळायला लागली. मिलिंदनं डोळे मिटून थोडं ऐकलं आणि तोंड वाकडं केलं.

"छ्या! कमर्शियल झालात लेको!"

*

प्रकाशनाचा कार्यक्रम झाला. पाहुणे म्हणून नगरसेवक. कार्यकर्त्यानं त्यांच्या हातात नारळ दिला. साहेबांनी इकडं तिकडं दगड शोधला आणि समोर दिसलेल्या अँप्लिफायरच्या कोपऱ्यावर नारळ हाणला!

पाणी आत गेलं. अँप्लिफायर असा काही किंचाळला की पुढच्या रांगेतल्या बायकांनी पोरांचे कान झाकले. धूर निघाला. मग टाळ्यांचा कडकडाट! दिवसभरातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याच.

दुसरा अँप्लिफायर जोडेपर्यंत साहेब खूश होऊन संज्याला म्हणाले, "लेका, वाजीवतोस की झकास!"

*

त्या दिवशी संज्याचे वडील, आबा, आले होते. राधानगरीकडचे, भात आणि म्हशी सांभाळणारे. सकाळची धार काढून, धुतलेलं धोतर नेसून एसटीनं आलेले. पोराचं वाजवणं त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं.

हार गळ्यात पडताच साहेब गेले. मागोमाग कार्यकर्ते गेले. मग लोक "पाणी पिऊन येतो" म्हणून जायला लागले. पाणी बहुतेक पंचगंगेवर प्यायला गेले असावेत! शेवटच्या तुकड्याला हॉलमध्ये मी, झोपलेला मिलिंद, किल्ली हातात घेऊन उभा वॉचमन, आणि पहिल्या रांगेत आबा.

त्या तुकड्यात शब्द नव्हतेच. संज्या नुसता ओरडत होता, गुडघ्यावर बसून, मानेच्या शिरा ताणून. आबांची नजर त्याच्यावरून हलली नाही.

तुकडा संपला. टाळी कोण वाजवणार? इम्राननंच ड्रममागून विचारलं, "आबा, कसं वाटलं?"

आबांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते पायऱ्या चढून स्टेजवर गेले. घामानं भिजलेल्या संज्याच्या कपाळावर हात ठेवला, मग मानेला लावून बघितला. माईक चालूच होता.

"कुठं दुखतंय रं, बाळा?"