'कधीच'च्या मागचा 'नाही'

एसेनकुलला एका जागी बसणं माहीतच नव्हतं. चहाचा एक घोट घेतला की उठायचा, अंगणातल्या गाडीची काच पुसून यायचा, तोवर चहा निवलेला असायचा. उभी हयात त्याने किर्गिझस्तानातल्या काराकोलच्या रस्त्यांवर गाडी हाकण्यात घालवली आणि त्यातली बरीचशी पिऊन. एकदा भर दुपारी गाडी कालव्यात घातली आणि नोकरी गेली. त्यानंतर त्याने बाटलीला हात लावला नाही, पण हे गावाच्या गळी कोण उतरवणार? दुसऱ्याची दारू गाव विसरत नाही.

आता परदेशी पाहुण्यांना डोंगरात नेणाऱ्या एका कंपनीला ड्रायव्हर हवा होता. मुलाखत इंग्रजीतून, फोनवर, तोंड दाखवून. जमलं तर घरीच राहता येणार होतं. नाहीतर मॉस्कोला मुलाकडे जायचं आणि या वयात गोदामात खोकी उचलायची. 

शिकवायला घरात सून होती. आयझिरेक शाळेत इंग्रजी शिकवायची. तिने कागदावर शिडी काढून भिंतीला चिकटवली. वरच्या पायरीवर 'ऑलवेज', खाली 'युज्वली', मग 'समटाइम्स', 'रेअरली' आणि अगदी तळाला 'नेव्हर'. दारूचं विचारलं तर ही तळाची पायरी, असं तिने बजावलं.

"आणि कुमिस?" एसेनकुलने विचारलं. "ते प्यायलं तर कुठली पायरी?"

"ते घोडीचं दूध आहे, बाबा."

"आंबवलेलं असतं गं!"

"मग त्याचा विषयच काढू नका," त्याची बायको झुरा म्हणाली. "ते विचारतील तेवढंच बोला. बसा आधी!"

अडचण वेगळीच होती. सुनेने सासऱ्याची चूक काढायची नाही, ही तिथली रीत. डोक्याला रुमाल, खाली मान, हळू आवाज. सासऱ्याचं नावसुद्धा ओठांवर आणायचं नाही. त्यामुळे एसेनकुल चुकला की आयझिरेक म्हणायची, "छान, बाबा. पुन्हा एकदा म्हणा ना." बाबांना वाटायचं, कौतुक चाललंय. मग तेच चुकीचं वाक्य ते आणखी जोरात म्हणायचे.

किर्गिझ माणसाने 'कधीच' म्हटलं की पाठोपाठ 'नाही' आलाच पाहिजे. इंग्रजांचा 'नेव्हर' मात्र एकटाच पुरतो. एसेनकुलला ते काही पटेना. एवढी मोठी गोष्ट नाकारायची आणि 'नाही' म्हणायचंच नाही? म्हणून त्याने आपल्या पदरचा एक 'डोन्ट' घातला: "आय नेव्हर डोन्ट ड्रिंक."

"अगं, चुकलेत का ते? मग सांग की तोंडावर!" झुरा स्वयंपाकघरात सुनेला म्हणाली.

"कसं सांगू, आई? माझी जीभच उचलत नाही."

मुलाखतीच्या दिवशी एसेनकुल सकाळपासून पायाला भिंगरी लावल्यासारखा आत-बाहेर करत होता. फोनवर एक गोरी बाई आली. ब्रेक, घाट, बर्फ, सगळ्याची उत्तरं त्याने दिली. मग तिने विचारलं, तुम्ही दारू पिता का?

एसेनकुलने छाती पुढे काढली. "आय नेव्हर डोन्ट ड्रिंक!"

बाईचं हसू मावळलं. तिने खाली मान घालून काहीतरी लिहायला घेतलं. आयझिरेक चहाची किटली घेऊन दारात उभी होती. आत्ता गप्प राहिले तर बाबांना मॉस्कोची गाडी धरावी लागेल, हे तिला लख्ख दिसत होतं.

"बाबा, चुकलात!" ती ओरडलीच. "प्यायल्याशिवाय मी कधीच राहत नाही, असं म्हणालात तुम्ही!"

झुराने रुमालाने तोंड झाकून घेतलं. एसेनकुल ताडकन उठला. सुनेकडे पाहिलं, भिंतीवरच्या शिडीकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसला.

"बिफोर, ऑलवेज," तो सावकाश म्हणाला. "नाऊ, नेव्हर." पुढे काही जोडलं नाही.

बाईने लिहिलेलं खोडलं. मग म्हणाली, सोमवारी गाडीची कागदपत्रं घेऊन या.

फोन बंद झाला. आयझिरेक मान खाली घालून बोलणी खायच्या तयारीने उभी होती. पण एसेनकुल नुसता बसून राहिला.

"काय गं, काय म्हणाले ते शेवटी?" झुराने हळूच विचारलं.

"आधी नेहमी. आता कधीच नाही," आयझिरेकने सांगितलं.

झुराने नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"नेहमी म्हणाले? खरंच?" ती म्हणाली. "मला तर जन्मभर सांगत आले, 'अधूनमधून'."